तारली एखाद्या वर्षी अचानक दिसेनाशी का होते?

आपला प्रश्न असा आहे की, एके वर्षी स्वस्तात पाटीभर मिळणारी तारली (सार्डिन मासा) पुढे काही वर्षे बाजारात दिसतच नाही, तेव्हा ती अतिमासेमारीने संपली असे समजावे काय. मी मत्स्यशास्त्र शिकलो आहे आणि माझ्या मते सारा दोष जाळ्यावर ढकलता येत नाही.

तारलीचे आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचे असते. वर्षभरात ती साधारण १५ सेंटीमीटर लांब होते आणि त्याच सुमारास अंडी घालण्याजोगी होते. त्यामुळे पकडीत मुख्यतः एक-दोन वयोगटांचेच मासे असतात आणि एखाद्या पावसाळ्यातील पिल्ले जगली नाहीत, तर ती तूट भरून काढणारे जुने, मोठे मासे समुद्रात उरलेलेच नसतात.

अंडी घालण्याचा भर जून ते ऑगस्टमध्ये असतो, आणि खरी मेख येथेच आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्यालगत खोलातले थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते, त्यात डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि तारली कल्ल्यांतील दाट काट्यांच्या चाळणीतून पाणी गाळून त्या खाते. वाऱ्याचे, पावसाचे किंवा पाण्याच्या तापमानाचे गणित बिघडले आणि पिल्लांना वेळेवर अन्न मिळाले नाही, तर पुढच्या हंगामाचे थवेच तयार होत नाहीत.

अशी घसरण पूर्वीही झाली आहे. १९४० च्या दशकात तारली इतकी घटली की, १९४३ मध्ये मद्रास सरकारला तिच्या मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर ना पर्ससीन (अख्ख्या थव्याला वेढून तळाशी आवळले जाणारे मोठे जाळे) होते, ना आजच्यासारख्या यांत्रिक नौका. अलीकडे केरळमध्ये २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली पकडून किनाऱ्यावर आणली गेली, तर २०२१ मध्ये जेमतेम ३,३०० टन.

मात्र याचा अर्थ जाळे निर्दोष आहे असा नव्हे. साठा आधीच खालावलेला असताना पिल्ले उपसून मासळीच्या कुटीसाठी (सुकवून दळलेल्या भुकटीसाठी) कारखान्यांत पाठवली, तर सावरायला उरलेला एकमेव वयोगटही हातचा जातो. केरळने पकडीसाठी किमान लांबी १० सेंटीमीटर ठरवली आहे. मला ती अपुरी वाटते, कारण एवढ्या लांबीच्या तारलीने सहसा एकदाही अंडी घातलेली नसतात.