छायाचित्रे चांगली, पण गोष्ट कुठे आहे?

प्रश्न : माझे आजोबा घड्याळे दुरुस्त करतात. वयोमानामुळे ते हे काम लवकरच थांबवणार असल्याने मी त्यांची छायाचित्रे काढत आहे. सुटे पाहिले तर प्रत्येक छायाचित्र चांगले वाटते, मात्र सगळी ओळीने मांडली की त्यांतून गोष्ट उभी राहत नाही. प्रत्येकाखाली सविस्तर मजकूर लिहावा का?

उत्तर : मजकुराकडे सर्वांत शेवटी वळावे. आजोबा घड्याळे दुरुस्त करतात हा विषय झाला. ते काम थांबवत आहेत ही गोष्ट, कारण तिच्यात काहीतरी बदलते आहे. हा बदल दिसेल असे प्रसंग, म्हणजे नवे काम घेण्यास ते नकार देत असतानाचा क्षण, कोणीच परत न नेलेली घड्याळे, हत्यारे कोणाला द्यायची याची घरात चाललेली चर्चा, आपल्या संग्रहात आहेत का, ते आधी तपासावे. डोळ्याला भिंग लावलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे मात्र भरपूर असतील (नवखे छायाचित्रकार हमखास तिथेच रमतात). त्यांतले एकच ठेवावे.

छायाचित्रकार युजीन स्मिथ यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या एका ग्रामीण डॉक्टरवर केलेली चित्रमालिका ‘लाइफ’ साप्ताहिकात १९४८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील एका गाजलेल्या छायाचित्रात रात्री उशिरा शस्त्रक्रिया आटोपून आलेले डॉक्टर हातात कॉफीचा कप घेऊन नुसते उभे आहेत. त्यात ना रुग्ण आहे ना उपचार, तरीही त्यांचा थकवा आपल्याला कळतो, कारण त्यांची धावपळ मालिकेतील इतर छायाचित्रांत आपण पाहिलेली असते.

आपली छायाचित्रेही अशीच एकमेकांना आधार देतात का, हे पाहण्यासाठी त्यांच्या लहान आकाराच्या प्रती काढून टेबलावर मांडाव्यात आणि एकेक उचलून पाहावी. एखादी काढल्याने काहीच अडत नसेल, तर ती कितीही देखणी असली तरी बाजूला ठेवावी. हुकलेला प्रसंग आजोबांकडून पुन्हा करवून घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण आपल्या माणसासाठी केलेला अभिनय चेहऱ्यावर लगेच दिसतो.

एवढे झाल्यावर मजकूर लिहावा, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारेच सांगावे. ‘आजोबा काम करताना’ हे वाचकाला दिसतेच. समोरचे घड्याळ कोणाचे आहे आणि ते कधीपासून तिथे पडून आहे, हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही.