आधी डाव मांड, मग दर सांग

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दशावतारी गंजिफाची, म्हणजे दहा अवतारांच्या दहा रंगांत विभागलेल्या त्या जुन्या गोल पत्त्यांच्या खेळाची छापील पानं, गोल डबा, वर सोनेरी शाईत नाव, सगळं देखणं झालंय. आता पुण्या-मुंबईतली कोणती दुकानं हा खेळ ठेवतील त्यांची यादी तुला हवी आहे. कमिशन किती द्यावं ते हवं आहे. शिवाय '120 पानं बघूनच लोक पळतात, नियम बदलून टाकू का' असंही विचारलंयस. यादी माझ्याकडे आहे, पण एवढ्यात देणार नाही. तुझ्या पत्रात दुकानदार आहे, छापखानेवाला आहे, फोटोला बदाम पाठवणाऱ्या मैत्रिणी आहेत. समोर बसून पान टाकणारा माणूस मात्र कुठेच नाही.

जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो. खेळवल्याशिवाय विकू नकोस. एक संचसुद्धा नको.

हे ऐकून तू वैतागणार. कर्ज काढून पानं छापली आहेत, डबे घरात पलंगाखाली पडले आहेत, आणि हा काका उपदेश करतोय. पण हस्तकलेच्या दुकानात तुझ्या डब्याचं काय होणार ते मला पाठ आहे. लाकडी फळं आणि बाहुल्यांच्या शेजारी, काचेच्या कपाटात. कुणी परदेशी जाणाऱ्या भावाला भेट म्हणून घेईल. भाऊ चार पानं काढून फ्रेम करेल, उरलेली कपाटात. विक्री झाली, खेळ झाला नाही. तो भाऊ पुन्हा कधीही दुसरा संच घ्यायला येणार नाही, आणि त्याच्याकडे बघून शेजारीही घेणार नाही.

सावंतवाडीचंच बघ. तिथल्या चितारी घराण्यांतली गंजिफा रंगवण्याची ही कला जवळजवळ संपली होती. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यात कारागीर बसवले, म्हणून ती टिकली. त्यांचे उपकार मोठेच. 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, मी पेढे वाटले. पण राजवाड्यासमोरच्या मोती तलावाकाठून संच घेऊन निघालेल्या माणसाला विचारून बघ, 'दिवसा खेळताना उतारी कुणाची?' तो तुझ्याकडे बघत राहील. ओडिशात पारावर बसून गंजिफा खेळणारी मंडळी अजून सापडतात. आपल्याकडे रंगवणारे राहिले, खेळणारे हुडकावे लागतात. प्रदर्शनांच्या टेबलांमागे उभं राहून लोकांना फोटो काढू देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्या वर्षांचं मला आजही वाईट वाटतं. खेळणारा मिळाला नाही तर रंगवणाऱ्यालाही शेवटी पर्यटकच उरतो.

बाबरानं 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्या. आपल्याकडच्या जुन्यात जुन्या नोंदींपैकी ही एक. त्यात मला आवडते ती गोष्ट एवढीच की शाह हसनला खेळाची गोडी होती आणि त्यानं त्या मागवल्या होत्या. आधी गोडी, मग मागणी, मग माल. तू नेमकी उलटी निघाली आहेस.

आता कामाचं. तू लोकांना पहिल्या पाच मिनिटांत दहा अवतार सांगतेस, प्रत्येकाची कथा सांगतेस, मोगल दरबारापर्यंत जातेस. समोरच्याचे डोळे मिटायला लागतात. कथा नंतर. आधी विचार, 'तीन-दोन-पाच येतं का?' मराठी घरात या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा विरळा. येत असेल तर निम्मं शिकवून झालंच. तिघे भिडू, हात करायचे, हे तेच. मोठे फरक तीन. हुकमाचा रंग नाही. अर्ध्या रंगांत राजा आणि प्रधानाखाली दश्शी मोठी, तर अर्ध्यांत एक्का मोठा. आणि पहिली उतारी दिवसा रामाच्या राजाची, रात्री कृष्णाच्या राजाची. बस. एवढं सांगायला चहा गार होत नाही.

आणि दहाही रंग पहिल्या दिवशी काढू नकोस. राम आणि कृष्ण ठेव, सोबत असे दोन रंग घे की दश्शी मोठीवाले आणि एक्का मोठावाले दोन्ही डावात येतील. चार रंगांची 48 पानं, तिघांना सोळा-सोळा. सोळा हातांत नवख्याला चव कळते. पहिला डाव हरतो, दुसऱ्या डावात 'माशाची नव्वी गेली का रे?' असं आपणहून विचारतो. हा प्रश्न आला की समज, माणूस तुझा. गेलेली पानं डोक्यात ठेवणं आणि उरलेल्यांत आता सगळ्यात वरचं पान कुणाकडे असेल याचा अंदाज बांधणं, हाच तर खेळ आहे. जिंकायला पान नसेल तर कुठलं बिनकामाचं पान टाकायचं, यात खरी अक्कल लागते. पुढच्या बैठकीला दोन रंग वाढव. पूर्ण 120 पानं, प्रत्येकाच्या वाट्याला 40, हे तो स्वतः मागेपर्यंत थांब.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: रंग कमी कर, नियमाला हात लावू नकोस. उलटे, म्हणजे एक्का मोठावाले, रंग काढून टाकायचा विचार तू लिहिला आहेस, तो वाचून मी चष्मा काढून ठेवला. अगं, ते काढलंस तर उरतं काय? गोल पानांचं मेंढीकोट, तेही दश्श्या पकडण्याची मजा वजा करून. रामकृष्णाची उतारीही काढू नकोस. दिवेलागणीला डाव चालू असेल तर आता दिवस धरायचा की रात्र, यावर जो वाद होतो त्यात नवखे सगळ्यात जास्त हसतात. हसलेला माणूस पुन्हा येतो.

पत्ते पिसणंसुद्धा दाखवावं लागतं, हे तुझ्या लक्षातच आलेलं नाही. गोल पानं हातात घेऊन नेहमीसारखी पिसायला गेलं की जमिनीवर घरंगळतात आणि नवखा शरमतो. चादर पसर, पानं पालथी टाक, दोन्ही तळव्यांनी ढवळ. पोरांना हे फार आवडतं. मग पानं हातात लावताना सोळाच्या वर गेलं की अंगठा पुरत नाही. रंगवार ढीग करून समोर पालथे ठेवू दे, काही बिघडत नाही.

आता ज्यावरून माझ्याशी लोक भांडले ते. तुझ्या पानांवर आकडे नाहीत. सात मासे आणि आठ मासे यांत फरक करायला नवख्याला मोजत बसावं लागतं, आणि तोवर बाकीचे दोघे मोबाईल काढतात. काठाला बारीक देवनागरी आकडा छाप. 'परंपरा बिघडते' म्हणणारे येतील, माझ्याकडेही आले. मी साध्या पुठ्ठ्यावर स्वस्त संच छापून वाटले तेव्हा एका जाणकार गृहस्थांनी भर सभेत मला कलेचा मारेकरी ठरवलं. मी तेव्हाही गप्प बसलो नाही आणि आजही माझं म्हणणं तेच आहे. जुन्या काळीही दरबार कलम वेगळी होती आणि बाजार कलम वेगळी. राजाकडे हस्तिदंताची, कासवाच्या पाठीची पानं असायची. बाजारात चिंध्या आणि कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून, वर लाखेचा हात देऊन केलेली. खेळ चालला तो या दुसऱ्या पानांवर. आणि पुढे बसला तो विलायती छापील बावन्न पानांपुढे, कारण ती आणखी स्वस्त होती आणि कुठेही मिळत होती. हातानं रंगवलेला संच हजारो रुपयांचा. तो कुणी मिसळीच्या टेबलावर उघडेल का? ज्याला पुठ्ठ्याच्या पानांवर गोडी लागली तोच उद्या चिताऱ्याकडे जाऊन रंगवलेला संच मागेल. असे लोक मी पाहिले आहेत. थोडे आहेत, पण आहेत, आणि त्यांनी घेतलेले संच फ्रेममध्ये गेलेले नाहीत.

दुकानांबद्दल थोडक्यात. जांगडीवर माल ठेवून येऊ नकोस. 'ठेवून जा, खपला की पैसे' म्हणणाऱ्याला तो खपवायची घाई नसते, आणि वर्षभरानं दबलेले डबे परत येतात. माझे आले, धूळही पुसलेली नव्हती. त्यापेक्षा दोनच दुकानं धर. बोर्ड गेम कॅफे असेल तर उत्तम, तिथे लोक बसायलाच येतात. मंगळवार-बुधवारी, गर्दी नसते तेव्हा जा. मालकाला भेटून नमस्कार कर, पण शिकव ते टेबलावर पाणी आणून देणाऱ्या पोराला. गिऱ्हाइकानं 'हे काय आहे?' म्हटलं की उत्तर तोच देतो. त्याला तीन डाव जिंकू दे. एक उघडा संच कॅफेत फुकट ठेव. त्याची पानं मळतील, वाकतील, एखादं कासव हरवेल. हरवू दे, सुटी पानं जादा छापून ठेव. सील लावलेला संच नंतर, कुणी 'विकत मिळतो का?' विचारलं तर. कमिशनचा आकडाही तेव्हाच ठरव. मागणी दिसली की दुकानदार वेगळ्या सुरात बोलतो.

कडक वाटलं असेल. तुझ्यासारखं कुणी या खेळात पैसे घालतंय हे कळल्यावर मला झोप लागली नव्हती, ते तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेलो. मी राहिलो हट्टी, आणि पुढेही राहणार.

तुझं नियमांचं पत्रक सोबत परत पाठवतोय. आठ पानांचं आहे, ते एका कागदाच्या दोन बाजूंत बसव. पहिली तीन पानं, मत्स्यावतारापासूनची, मी काट मारली आहेत. रंगांचा उतरता-चढता क्रम दाखवणारी वेगळी पट्टी कर आणि प्रत्येक डब्यात तीन टाक, एकच टाकली तर भिडू ओढाओढ करतात. नवं पत्रक घरातल्या कुणालातरी दे, ज्यानं गंजिफा पाहिलेली नाही अशाला, आणि तू शेजारच्या खोलीत बस. न विचारता त्यांचा डाव पुरा झाला तर मला फोन कर, यादी त्याच संध्याकाळी पाठवतो. विचारायला आले तर कुठल्या ओळीवर अडले ते लिहून कळव.

तुझा
काका