वाचकांचे प्रश्न : एल्फिन्स्टन शाळा कोणती, कॉलेज कोणते?

प्रश्न : डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले, ते आणि काळा घोडा येथील एल्फिन्स्टन कॉलेज एकच का? दादाभाई नौरोजी व न्यायमूर्ती रानडे यांच्या चरित्रांतही ‘एल्फिन्स्टन’ येते, तेव्हा तेही याच शाळेचे विद्यार्थी म्हणायचे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मूळ एक आहे, पण १८५६ पासून शाळा आणि कॉलेज यांचा संसार वेगळा झाला. मुंबईतल्या मुलांसाठी देशी भाषांत आणि इंग्रजीत पाठ्यपुस्तके व शाळा तयार करणारी जी मंडळी १८२२ मध्ये एकत्र आली होती, त्यांनी १८२४ मध्ये इंग्रजी शाळा काढली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये पद सोडून जाऊ लागले, तेव्हा त्यांचा पुतळा किंवा मानपत्र एवढ्यावर न थांबता शहरातील धनिकांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले आणि त्या निधीच्या व्याजातून इंग्रजी वाङ्मय व शास्त्रे शिकवणारे प्राध्यापक नेमायचे ठरवले. हे वर्ग १८३५ च्या सुमारास सुरू झाले. बाळशास्त्री जांभेकर तेथे साहाय्यक प्राध्यापक होते. पुढे १८४० मध्ये शाळा व हे वर्ग एकाच सरकारी मंडळाखाली आले आणि ‘एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन’ हे नाव रूढ झाले. दादाभाई या इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि तेथेच गणिताचे प्राध्यापक झाले. रानडे मात्र नेमके संधिकाळातले आहेत, कारण कॉलेज शाळेपासून वेगळे होत असतानाच ते तेथे दाखल झाले आणि १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झाले. म्हणून दादाभाईंना केवळ ‘शाळेचे’ किंवा केवळ ‘कॉलेजचे’ म्हणणे दोन्ही अपुरे आहे.

शाळेची गॉथिक धाटणीची इमारत १८७० च्या दशकात उभी राहिली. तिला सर अल्बर्ट ससून यांनी मोठी देणगी दिली होती. महापालिका मार्गावर, सेंट झेवियर्स कॉलेजच्या परिसरात, ती आजही पाहता येते. (प्रभादेवी स्थानकाचे ‘एल्फिन्स्टन रोड’ हे जुने नाव मात्र माउंटस्टुअर्ट यांच्यावरून नव्हते. ते त्यांचे पुतणे, पुढे गव्हर्नर झालेले लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्यावरून होते. हा घोटाळा जाणकारही करतात.)

प्रश्न : शाळा सरकारी होती, तर अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना तेथे प्रवेशाचा हक्क होता का?

उत्तर : कागदोपत्री होता, आणि तो मिळाला त्यामागे एका मुलाचा अर्ज आहे. मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेने १८५६ मध्ये एका महार विद्यार्थ्याला प्रवेश नाकारला. त्याने सरकारकडे दाद मागितली. मुंबई सरकारने हात झटकले, परंतु प्रकरण विलायतेपर्यंत गेले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी १८५८ मध्ये सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत असे कळवले. तेवढ्याने वर्ग खुले झाले असे मात्र मानू नये. पैशाचा प्रश्नही त्यात होता. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमके त्यावर बोट ठेवले होते : सरकारच्या तिजोरीत पैसा रयतेच्या कष्टातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या जातींना होतो.

बाबासाहेब या शाळेत आले तोपर्यंत धारवाडच्या निर्णयाला चार दशके उलटून गेली होती. त्यांना प्रवेश मिळाला, फी भरली गेली, हजेरीपटावर नाव लागले. एकदा शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गात एकच गोंधळ उडाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत, आणि भीमराव फळ्यापाशी पोहोचण्याच्या आत ते उचलून दूर करण्यासाठी मुले धावली. त्यांना संस्कृत शिकायचे होते. तेही नाकारले गेले, म्हणून त्यांनी फारसी घेतली. शाळेचा दरवाजा सरकारने उघडला होता, पण फळ्यापर्यंतचे अंतर कोणत्याही परिपत्रकात नव्हते.

प्रश्न : त्यांना मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळाले असे वाचले. हे खरे का?

उत्तर : चरित्रांत हाच आकडा येतो, आणि परीक्षेचे वर्ष १९०७ आहे. आजच्या टक्केवारीने तो मोजणे अन्यायाचे होईल, कारण परळच्या चाळीतील एका खोलीत मुलाला लवकर निजवून वडील सुभेदार रामजी त्याला पहाटे दोनच्या सुमारास अभ्यासाला उठवत, अशी ती तयारी होती. समाजाने टक्के मोजले नाहीत. समाजसुधारक सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारसभा झाली आणि चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला ओळखणारे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.