घरात मराठी, आईवडिलांना फ्रेंचचा गंध नाही. मुलीला फ्रेंच इमर्शन शाळेत घालावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही टोरोंटोत राहता, घरी मराठी बोलता, मुलगी पुढच्या सप्टेंबरात सीनियर किंडरगार्टनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला, जाईल आणि तुम्हा दोघांनाही फ्रेंच येत नाही. तिला फ्रेंच इमर्शनला, म्हणजे सुरुवातीपासून सगळं फ्रेंचमधूनच शिकवणाऱ्या वर्गात, घातलं तर ती काय आणि कशी शिकेल, तिचं इंग्रजी मागे पडेल का, आणि अभ्यास घेणार कोण?

मी याच शहरात इमर्शनच्या दुसरीच्या वर्गाला शिकवते. माझं स्वतःचं फ्रेंच पुण्यातलं, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालेलं. माझं उत्तर आहे, घाला. पण घरातली मराठी कमी करून नव्हे. उलट मराठी पक्की ठेवणार असाल तरच घाला, असं मी म्हणेन. का ते सांगते, पण आधी एक घोळ निस्तरते, कारण आपल्या मंडळींमध्ये तो फार होतो.

फ्रेंच शाळा वेगळी आणि फ्रेंच इमर्शन वेगळं. व्हियामोंद किंवा मोनअव्हनीर ही बोर्डं, म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्था, फ्रेंच मातृभाषेच्या कुटुंबांसाठी आहेत. कॅनडाच्या राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेच्या 23 व्या कलमाने त्या पालकांना तो हक्क दिलेला आहे, आणि बाकीच्यांना प्रवेश समितीतून जावं लागतं. इमर्शन मात्र इंग्रजी बोर्डांच्या शाळांमधलाच एक मार्ग आहे आणि ज्यांच्या घरी फ्रेंच नाही अशाच मुलांसाठी तो आखलेला आहे. त्यामुळे ‘आम्हाला फ्रेंच येत नाही’ ही अडचण नाही. वर्गातल्या बहुतेक पालकांना ते येत नाही, हे आम्ही गृहीतच धरलेलं असतं.

हा मार्ग सुरू झाला तोही पालकांच्या हट्टामुळे. माँट्रियालसमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावर सें-लांबेर नावाचं गाव आहे. तिथल्या इंग्रजीभाषक पालकांना दिसत होतं की मुलं वर्षानुवर्षं शाळेत फ्रेंच शिकतात, पण त्यांना शेजाऱ्याशी चार वाक्यं बोलता येत नाहीत. ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलेरी नील या तिघींनी पुढाकार घेतला आणि 1965 मध्ये पहिला बालवर्ग भरला, जिथे पहिल्या दिवसापासून सगळं फ्रेंचमध्येच. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला. मुलांचं इंग्रजी मागे पडलं नाही आणि फ्रेंच नेहमीच्या तासांपेक्षा खूपच पुढे गेलं, हे त्यात दिसलं. 1969 च्या अधिकृत भाषा कायद्यानंतर ही पद्धत देशभर पसरली. आज कॅनडात चार लाखांहून जास्त मुलं इमर्शनमध्ये आहेत.

आता शाळेतलं रोजचं जगणं. टोरोंटोच्या सार्वजनिक बोर्डात इमर्शन सीनियर किंडरगार्टनपासून सुरू होतं, तिसरीपर्यंत वर्गात फ्रेंचच चालतं आणि इंग्रजी हा विषय चौथीत येतो. पीलमध्ये, म्हणजे मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडे, सुरुवात पहिलीपासून होते. हे बोर्डागणिक बदलतं, म्हणून मैत्रिणीने सांगितलेलं तिच्या बोर्डाचं असतं हे लक्षात ठेवा.

पहिले काही महिने मूल बोलत नाही. म्हणजे इंग्रजीत बडबडतं, पण फ्रेंचमध्ये नाही. शिक्षिका मात्र हातवारे, चित्रं, गाणी यांच्या आधाराने फ्रेंचच बोलत राहते. मूल येऊन इंग्रजीत सांगतं, मादाम, माझा बूट अडकलाय. शिक्षिका रागवत नाही, ‘फ्रेंचमध्ये बोल’ असंही म्हणत नाही. ती तेच वाक्य फ्रेंचमध्ये परत म्हणते, बूट ओढून देते आणि पुढे जाते. असं शेकडो वेळा झालं की एक दिवस ते मूल आपणहून ‘मादाम, मा बोत!’ म्हणतं.

सगळ्यात जास्त भाषा कुठे शिकली जाते असं विचाराल, तर मी वर्गाबाहेरची कोट टांगायची जागा दाखवेन. हिवाळ्यात प्रत्येक मधल्या सुट्टीला तिथे वीसेक मुलं स्वतःला गुंडाळत असतात. आधी बर्फाची पँट, मग बूट, मग कोट, मग तुक म्हणजे कानटोपी, आणि हातमोजे शेवटी, कारण ते आधी घातले तर कोटाची चेन लावता येत नाही. हा क्रम शिक्षिका रोज त्याच शब्दांत म्हणते: दाबोर ल पांतालों द नेज, पुई ले बोत. मुलं ते कधीच पाठ करत नाहीत, पण डिसेंबर येईस्तोवर दारात उभी राहून एकमेकांना तीच वाक्यं सुनावत असतात. ‘आधी’, ‘नंतर’, ‘शेवटी’, ‘तुझं’, ‘माझं’, ‘दुसरा कुठे गेला’ हे सगळं तिथेच येतं. बालवर्गातल्या नव्या मुलाला जवळजवळ नेहमी पहिलं पूर्ण वाक्य येतं ते शौचालयाला जाऊ का विचारण्याचं, कारण त्याची गरज खरी असते.

वाचन पहिलीत, आणि तेही फ्रेंचमध्येच सुरू होतं. पालकांना याची सगळ्यात जास्त धास्ती वाटते, पण मला शिकवताना सगळ्यात जास्त आनंद याच टप्प्यावर मिळतो. फ्रेंच लिहायला अवघड आहे, न उच्चारली जाणारी अक्षरं पुष्कळ आहेत. पण वाचायला ती इंग्रजीपेक्षा बरीच नियमाने चालते. ओ आणि यू शेजारी आले की ऊ. ओ आणि आय आले की वा. ई, ए, यू मिळून ओ. आपल्या बाराखडीसारखे हे जोड भिंतीवर लावलेले असतात आणि मुलं त्यांवर बोट ठेवून शब्द फोडतात.

गणितही फ्रेंचमध्ये. पहिलीत संख्या 50 पर्यंत असतात, दुसरीत 200 पर्यंत, आणि खरी गंमत सत्तरनंतर सुरू होते, कारण तिथे प्रत्येक आकडा म्हणजे एक छोटा हिशोबच असतो. बहात्तर म्हणजे साठ-बारा, ऐंशी म्हणजे चार-वीस (चार वेळा वीस), ब्याण्णव म्हणजे चार-वीस-बारा. मी ‘स्वासांत-दूझ’ म्हटलं की दरवर्षी दोन-तीन वह्यांत 6012 लिहिलेलं सापडतं. मुलाने जे ऐकलं तेच प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. तेव्हा साठ मणी आणि बारा मणी समोर ठेवून पुन्हा मोजायचं, दुसरा उपाय नाही.

आता तुमच्या मुलीबद्दल. मराठी बोलणारं मूल या वर्गात एका बाबतीत पुढे असतं, आणि हे मी माझ्या भाषेच्या प्रेमापोटी म्हणत नाही. निर्जीव वस्तूंना लिंग असतं, विशेषण नामाप्रमाणे बदलतं, क्रियापद ‘मी’ला वेगळं आणि ‘आम्ही’ला वेगळं, या गोष्टी फक्त इंग्रजी येणाऱ्या मुलाला नव्याने शिकाव्या लागतात. ‘छोटा डबा, छोटी वाटी’ म्हणत वाढलेल्या मुलीला फ्रेंचमधल्या प्ती (छोटा) आणि प्तीत (छोटी) यांत खटकण्यासारखं काही वाटत नाही. कॅली मेडी या संशोधिकेने ऑंटारिओतल्या सहावीच्या इमर्शन विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यात बाहेरून आलेली, घरी तिसरीच भाषा बोलणारी मुलं फ्रेंचमध्ये फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या मागे नव्हती, उलट पुढे दिसली. तरीही ‘आधी इंग्रजी येऊ द्या, मग बघू’ हा सल्ला नव्याने आलेल्या कुटुंबांना अजून ऐकायला मिळतो. तो मानू नका.

आणि म्हणूनच मी सुरुवातीला अट घातली. सें-लांबेरच्या मुलांच्या घरी इंग्रजी होतं, आणि इंग्रजीला अवतीभवतीच्या साऱ्या खंडाचा आधार होता. तिथे धोक्यात आलेली कुठलीच भाषा नव्हती. तुमच्या मुलीच्या तीन भाषांपैकी फ्रेंच शाळा सांभाळेल. इंग्रजी हे शहर, मधली सुट्टी, वाचनालय आणि पोहण्याचा वर्ग सांभाळतील. मराठीला तुमच्याशिवाय कोणी नाही. होतं काय, की पालक घाबरतात, तीन भाषांचं ओझं नको म्हणतात, आणि मुलीशी इंग्रजीत बोलायला लागतात. मग सातव्या-आठव्या वर्षी आजीशी फोनवर बोलताना मूल ‘हो’ आणि ‘नाही’च्या पुढे जात नाही. शिवाय शाळेचंही त्यात नुकसान होतं. ज्या मुलाला घरी गोष्टी ऐकायची, ‘असं का झालं असेल’ याचा विचार करायची सवय आहे, ते मूल फ्रेंच पुस्तकातही पुढचं ओळखतं. ती सवय कुठल्या भाषेत लागली याने फरक पडत नाही.

तर अभ्यास कोण घेणार? तुम्हीच, मराठीत. शाळेतून आलेलं चिमुकलं पुस्तक तिला मोठ्याने वाचू द्या आणि वाचून झालं की काय घडलं ते मराठीत सांगायला लावा. उच्चार सुधारायच्या फंदात पडू नका, ते आमचं काम. गणितात हातचा कसा घ्यायचा हे तुम्ही मराठीत समजावलंत तरी तिला दुसऱ्या दिवशी फ्रेंचमध्ये येतं, समजलेली गोष्ट भाषेबरोबर मागे राहत नाही. टीएफओ ही ऑंटारिओची सरकारी फ्रेंच वाहिनी आहे, तिचे मुलांचे कार्यक्रम ऑनलाइन फुकट दिसतात. आठवड्यातून थोडा वेळ ते लावा. आणि रविवारची मराठी शाळा जवळ असेल तर ती सोडू नका.

इंग्रजीबद्दल स्पष्ट सांगते. तिसरीपर्यंत तिचं इंग्रजी स्पेलिंग कच्चं असेल. डान्समध्ये सीच्या जागी एस, अ‍ॅड्रेसमध्ये एकच डी, कारण फ्रेंचमध्ये ते तसंच असतं. चौथीत इंग्रजी सुरू झालं की बहुतेकांचं हे वर्षभरात सावरतं. वाचन तर पुष्कळ मुलं त्याआधीच आपलं आपण शिकलेली असतात.

खरी कमतरता दुसरीकडे आहे. इमर्शनच्या मुलांना ऐकलेलं आणि वाचलेलं उत्तम समजतं, बोलणं मात्र एका जागी अडून बसतं. माझं काम झालं म्हणायला ती ‘ज स्वी फिनी’ म्हणतात, जे इंग्रजीवरून उचललेलं आहे आणि फ्रेंच माणसाच्या कानाला विचित्र लागतं. टोरोंटोच्याच भाषासंशोधिका मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये याचं कारण मांडलं: वर्गात मुलं ऐकतात पुष्कळ, पण त्यांना स्वतः लांब, नेमकं बोलावं लागतं ते फार कमी. चाळीस वर्षांनंतरही ते तितकंच खरं आहे. मैदानावर पाऊल टाकलं की सगळे इंग्रजीत ओरडतात, आणि मला ते थांबवताही येत नाही.

दुसरं म्हणजे फ्रेंच येणाऱ्या शिक्षकांचा तुटवडा. शिक्षिका दीर्घ रजेवर गेली आणि बदली शिक्षकाला फ्रेंच येत नसेल, तर ते महिने वाया जातात. आणि तिसरं मला सर्वांत बोचतं: वाचनात अडखळणाऱ्या मुलाला खास मदत हवी असते, तेव्हा ती पुष्कळदा इंग्रजी वर्गातच मिळते, आणि पालकांना सांगितलं जातं की मूल इंग्रजीकडे हलवा. फ्रेड जेनेसी यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिलंय की अशा मुलाची अडचण इमर्शनमुळे वाढत नाही, इंग्रजी वर्गातही ती तितकीच असते. मदत जिथे मूल आहे तिथे यायला हवी, असं मला मनापासून वाटतं आणि मी शाळेत दर वर्षी ते बोलते.

निर्णय घेताना घाई करू नका, पण अर्ज वेळेत करा. तो आदल्याच शाळावर्षात, साधारण हिवाळ्याच्या तोंडावर ऑनलाइन भरावा लागतो. तारखा बोर्डाच्या संकेतस्थळावर असतात. इमर्शनची शाळा तुमच्या गल्लीतलीच मिळेल असं नाही, म्हणून बसचं आधी विचारा. माहितीच्या संध्याकाळी गेलात तर मुख्याध्यापकांना दोन गोष्टी जरूर विचारा: वाचनात मागे राहिलेल्या मुलाला फ्रेंचमध्ये मदत कोण करतं, आणि सध्या किती वर्गांवर कायम शिक्षक आहेत. आणि घातल्यावर निदान दुसरी संपेपर्यंत थांबा. पहिल्या नाताळच्या सुट्टीत ‘तिला काहीच येत नाही’ म्हणून काढून घेणारे पालक मी पाहिले आहेत. तोवर मूल नुसतं ऐकत असतं, आणि त्या वयात ते पुरेसं असतं. ऑंटारिओच्या नेहमीच्या इंग्रजी शाळेतही चौथी ते आठवी फ्रेंच सक्तीचं आहेच, आठवीअखेर 600 तास. इमर्शनमध्ये तेच 3800 तास होतात. पुढे कधी इंग्रजी वर्गात जायचं ठरलं तर तो रस्ता कायम उघडा असतो. उलट दिशेने मधल्या इयत्तेत येणं मात्र कठीण.