‘बरं होणं’ आणि ‘बरं वाटणं’

प्रश्न असा आहे: ‘रुग्णालयाच्या माहितीपत्रकात पॅलिएटिव्ह केअरसाठी मी “मरणासन्न रुग्णांची सेवा” असं लिहिलं. डॉक्टरांनी त्यावर काट मारली. मग मराठीत काय लिहू? आणि हॉस्पिस म्हणजे तेच का?’

काट मारली ते बरोबरच केलं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजाराचा त्रास हलका करणारी सेवा; ती निदान झाल्या दिवसापासून, केमोथेरपी चालू असतानाही घेता येते. दुखणं, धाप, मळमळ, उडालेली झोप, घरच्यांची घालमेल हे सगळं तिच्या कक्षेत येतं. रोगावरचे उपचार थांबवल्यानंतर शेवटच्या काळात जी सेवा होते ती हॉस्पिस. म्हणजे हॉस्पिस हा पॅलिएटिव्ह केअरचा एक भाग झाला. अमेरिकेत तर मेडिकेअरमधून, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून, हॉस्पिस घ्यायचं तर सहा महिने किंवा त्याहून कमी आयुष्य उरल्याचा दाखला लागतो. तिकडच्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना या दोन शब्दांची गल्लत महागात पडते.

‘पॅलिएटिव्ह’च्या मुळाशी लॅटिन ‘पॅलियम’ आहे, म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. ‘हॉस्पिस’च्या मुळाशी ‘हॉस्पेस’, ज्याचा अर्थ यजमानही होतो आणि पाहुणाही. आजच्या अर्थाचं हॉस्पिस सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनला सुरू केलं. पुढे माँट्रियलच्या बाल्फोर माउंट या शल्यचिकित्सकांना तसाच विभाग काढायचा होता; पण फ्रेंचमध्ये ‘हॉस्पिस’ला अनाथ-निराधारांच्या आश्रमाचा वास, म्हणून त्यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव योजलं. शब्दाची अडचण एकट्या मराठीची नाही.

आता आपले पर्याय. मल्याळममध्ये ‘सांत्वन’ हा शब्द रुळलाय आणि केरळात ही सेवा गावोगाव पोचलीय. पण आपल्याकडे सांत्वनाला जातात ते माणूस गेल्यावर! रुग्णाच्या उशाशी हा शब्द नको. ‘धर्मशाळा’ हॉस्पिसला सुचवतात, पण कॅन्सरच्या संदर्भात मुंबईत ती म्हणजे टाटाला उपचारांसाठी आलेल्यांची उतरायची जागा. ‘परिहार सेवा’ व्याकरणाने ठीक. मला मात्र श्रमपरिहाराची भजी आठवतात. ‘उपशामक’ अचूक आहे, फक्त वाचणाऱ्याला तो कळत नाही. आयुर्वेदातला ‘याप्य’ मला फार आवडतो. याप्य रोग मुळातून जात नाही, उपचार चालू असेतो आटोक्यात राहतो. सुश्रुतसंहितेत त्याच्यावरच्या उपचारांना पडू घातलेल्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा आहे. पण हे विशेषण रोगाचं, सेवेचं नव्हे. आणि पत्रकात छापलं तर लोक छपाईची चूक समजतील.

उत्तर बोलीतच आहे. आपण ‘बरं होणं’ आणि ‘बरं वाटणं’ वेगळं मानतो. माझ्या मावशीला मॉर्फिनची मात्रा लागू पडली त्या सकाळी तिने आठवड्यानंतर चहा मागितला, बशीत ओतून प्यायली आणि म्हणाली, ‘आज बरं वाटतंय गं.’ बरं होणार नव्हतं, तिला आणि मलाही ते ठाऊक होतं. तरी तिचं वाक्य शब्दशः खरं होतं.

तेव्हा पत्रकात ‘पॅलिएटिव्ह केअर’ तसंच ठेवा, डॉक्टर तेच म्हणणार आहेत. खाली एवढं लिहा: ‘आजार कोणत्याही टप्प्यावर असो, रुग्णाला बरं वाटावं म्हणून केलेले उपचार आणि शुश्रूषा.’

‘शुश्रूषा’ मुद्दाम सुचवतोय. संस्कृतात तिचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’, आणि या कामात निम्मा वेळ ऐकण्यातच जातो. छापताना मात्र पहिला ‘शु’ ऱ्हस्व, ‘श्रू’ दीर्घ, ‘सुश्रुषा’ नको.