सिगारेटचा वास येऊ लागलाय, त्याविषयी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. सिगारेट सोडून व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, आल्याला काही आठवडे झाले आणि आता लिफ्टचं दार उघडलं की आत मघाशी कुणी सिगारेट ओढून आलेलं उभं होतं, हे तुला पाऊल टाकायच्या आधीच कळतं, असं लिहिलंयस. कपाटाच्या तळाशी पडलेलं जुनं जॅकेट बाहेर काढलंस. वरून ठीक दिसत होतं. पण कॉलरची घडी उलटली, बाहीचं टोक हुंगलं, मग ज्या खिशात पाकीट असायचं त्या खिशाच्या अस्तराला नाक लावलं आणि मळमळून आलं. "ताई, इतकी वर्षं मी असा वास मारत हिंडत होतो आणि मला कुणी सांगितलं कसं नाही?" हा तुझा प्रश्न.

सांगितलं असणार रे. घरच्यांनी तर नक्कीच. तुला स्वतःला तो वास येत नव्हता, म्हणून ते बोलणं तुला नेहमीची कटकट वाटलं असेल. त्याची आता लाज धरून बसू नकोस. सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसांशी बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली. लाज वाटून सिगारेट कायमची सुटलेली माणसं मला क्वचितच भेटली. लाजेपोटी चोरून ओढणारी मात्र खूप भेटली.

आधी नाकात काय झालंय ते समजून घे. नाकाच्या पोकळीत अगदी वर, छताला, काही चौरस सेंटिमीटरचा एक पातळ पडदा असतो. वास ओळखणाऱ्या चेतापेशी त्यात असतात. या पेशींवर गंध टिपणारे रिसेप्टर असतात, माणसात जवळपास ४०० प्रकारचे. या रिसेप्टरांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी १९९१ साली शोधून काढली आणि २००४ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट: शरीरातल्या बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की गेल्या, पण या गंधपेशी आयुष्यभर मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येत राहतात. रोजच्या धुराने त्यांचं मरणं वाढतं आणि भरपाई मागे पडते. धूर थांबला की हळूहळू भरपाई होऊ लागते. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं. जितक्या जास्त सिगारेटी आणि जितकी जास्त वर्षं, तितकं नाक मंद; आणि सोडल्यावर सुधारणा होते, पण खूप ओढणाऱ्यांना त्यासाठी काही वर्षंही लागतात. म्हणजे तुला आज जे जाणवतंय ते पूर्ण नाही, अजून वाढेल.

दुसरी गोष्ट सवयीची. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी घरातल्या माणसांना ऐकू येत नाही, तसं सतत सोबत असलेल्या वासाचं होतं. मेंदू त्याची दखल घेणं थांबवतो. तुझ्या बोटांना, केसांना, उशीला, गाडीच्या सीटबेल्टला तो वास चोवीस तास होता, म्हणून तो तुझ्यासाठी नव्हताच. हे नीट लक्षात ठेव, कारण पुढे मी तुला याच गोष्टीवरून जरा कडक बोलणार आहे.

जॅकेटविषयी. व्हेपमध्ये एक कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, तापतं आणि आत भरलेल्या निकोटीनच्या द्रवाचे, लिक्विडचे, सूक्ष्म थेंब हवेत उडतात. तिथे काही जळत नाही. सिगारेटमध्ये पान जळतं, आणि झुरका घेताना त्या निखाऱ्याचं तापमान ९०० अंश सेल्सियसच्या आसपास जातं. अशा जळण्यातून ७,००० हून अधिक रसायनं तयार होतात, त्यातली ७० च्या आसपास कॅन्सरला कारणीभूत ठरणारी. तुला जो कुबट, आंबट-कडू वास आला तो धूर विरल्यानंतर कापडात अडकून राहिलेल्या अंशाचा. निकोटीन तर पृष्ठभागांना घट्ट चिकटतं: पडदे, गादी, भिंतीचा रंग, धूळ. २०१० साली अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखवलं की असं साचलेलं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून कॅन्सरकारक नायट्रोसअमाइन्स बनवतं. म्हणून नुसती खिडकी उघडून भागत नाही. जॅकेट धू, एकदा धुऊन गेलं नाही तर पुन्हा धू. पडदे, उशीचे अभ्रे, गाडीच्या सीट, दरवाजांच्या मुठी, सगळं साफ कर. अॅशट्रे आणि लायटर घरातून घालव. एक सुट्टी यात गेली तरी चालेल. स्वच्छतेपेक्षाही मला याचं दुसरं कारण मोठं वाटतं, ते आता सांगते.

तू फक्त किळस आल्याचं लिहिलंयस. पण एखाद्या दिवशी उलटंही होईल, तेव्हा गोंधळू नकोस. शिळ्या धुराचा वास आणि नुकत्याच पेटवलेल्या सिगारेटचा वास, हे दोन वेगळे वास आहेत. जॅकेटने तुला मळमळलं, पण उद्या थंड हवेत तू कुणाच्या तरी चार पावलं मागे चालत असशील, तो माणूस सिगारेट शिलगावेल, पहिला ताजा धूर मागे येईल आणि तुझी छाती आपोआप खोल श्वास घेईल. आवडेल तो वास तुला. त्याचा अर्थ तू कच्चा आहेस असा नाही. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत एका मधल्या केंद्रातून पुढे जातं. वास मात्र ते केंद्र टाळून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत थेट पोचतो. म्हणून सिगारेटचं चित्र पाहून जे होत नाही ते एका झुळकीने होतं. आणि नाक सुधारतंय म्हटल्यावर तलफ जागी करणारी ही खूणही आता तुला जास्त स्पष्ट कळणार. नाक बरं होण्याची ही दुसरी बाजू तुला आधीच माहीत असलेली बरी.

अशा वेळी एकच कर, तिथून हल. रस्ता ओलांड, आत जा, वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहा. तलफेची लाट बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटं धुरापासून लांब काढायची. स्वतःची परीक्षा घ्यायला धूम्रपान करणाऱ्यांच्या घोळक्यात मुद्दाम उभा राहू नकोस. त्यात सिद्ध करण्यासारखं काही नाही. आणि "एवढा वास येतोय तर एकच ओढून बघू, चव कशी लागते" हा विचार हमखास येतो. वाईट लागेल म्हणून सुटेल, असं मन सांगतं. पहिली वाईटच लागते. तुझी आयुष्यातली पहिलीही वाईटच लागली असेल आणि तरी तू पुढे ओढत राहिलास. शिवाय "दिवसाला एकच" हा आकडा दिसतो तितका निरुपद्रवी नाही. २०१८ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार, दिवसाला २० सिगारेटींनी हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्याचा जवळपास निम्मा दिवसाला एका सिगारेटनेच येतो. म्हणून व्हेपही आणि मधूनमधून सिगारेटही, या मधल्या वाटेवर थांबू नकोस. तिथे निकोटीनही राहतं आणि धूरही.

मित्रांबद्दल थोडक्यात. वास येऊ लागला की माणूस तोंड वाकडं करायला लागतो, आणि नव्याने सोडलेला तर जास्तच. तसं करू नकोस. ज्याला तू नाक मुरडतोस, त्याला स्वतःचा वास येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? घरात आणि गाडीत मात्र कुणालाच ओढू देऊ नकोस, लहान मूल असेल तिथे तर अजिबातच नाही. तिथे भीड धरू नकोस.

आता ते कडक बोलणं. तू शेवटी लिहिलंयस, "व्हेपला वासच नाही, उलट छान फळाचा सुगंध येतो, म्हणजे आता सगळं स्वच्छ." नाही. ज्या सवयीने तुला सिगारेटचा वास येत नव्हता, तीच सवय आता व्हेपच्या बाबतीत काम करतेय. तू खोलीतून गेल्यावर तो गोडसर वास मागे राहतो आणि तो इतरांना येतो. विश्वास नसेल तर घरात कुणाला तरी विचार, आणि या वेळी उत्तर ऐकून घे. बाहेर सोडलेला तो ढग नुसती वाफ नसतो. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवरची रसायनं आणि निकोटीन असतं. तेव्हा खोली बंद करून, दुसऱ्यांच्या शेजारी बसून व्हेप ओढू नकोस.

नाक परत येणं म्हणजे धूर थांबल्याचा पुरावा. फुप्फुसं निर्धोक असल्याचं प्रमाणपत्र ते नव्हे. मी तुला उगाच घाबरवणारही नाही: जळणाऱ्या सिगारेटच्या तुलनेत व्हेपमध्ये विषारी द्रव्यांचं प्रमाण खूपच कमी असतं, कार्बन मोनॉक्साइडचा मारा जवळपास थांबतो, आणि तू घेतलेला निर्णय सिगारेट ओढत राहण्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. पण अनेक वर्षं व्हेप केल्यावर शरीराचं काय होतं, हे सांगायला पुरेशी वर्षंच अजून झालेली नाहीत. आजच्या रूपातलं हे उपकरण हॉन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास बनवलं. आणि कुणीतरी घरी मिसळून दिलेलं, कशात काय आहे ते न लिहिलेलं लिक्विड कधीही ओढू नकोस. २०१९ साली आणि २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसांना गंभीर इजा होऊन हजारो लोक रुग्णालयात गेले, ६८ जण दगावले. त्यांच्यातल्या बहुतेकांनी गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याने भरलेल्या व्हेपच्या कुप्या वापरल्या होत्या आणि मुख्य संशय व्हिटॅमिन ई अॅसिटेट या मिसळलेल्या तेलकट पदार्थावर होता. काही देशांत तर व्हेपची विक्रीच कायद्याने बंद आहे, त्यामुळे चोरून मिळणाऱ्या मालाचा भरवसा आणखीच कमी. तू जिथे असशील तिथला नियम आधी बघ. बंदी असेल तर निकोटीनचे पॅच आणि च्युइंगगम हा रस्ता डॉक्टरांशी बोलून धर.

मला खरी काळजी वाटते ती निकोटीनची. त्याची पकड नाकाला कळत नाही. २०१९ साली ब्रिटनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला: सिगारेट सोडायला आलेल्या ८८६ जणांपैकी काहींना व्हेप दिलं, काहींना पॅच-गम वगैरे. वर्षाअखेरीस व्हेपच्या गटात १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. म्हणजे व्हेपची मदत झाली, जवळपास दुप्पट. पण याच यशस्वी लोकांपैकी व्हेपच्या गटात ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते. दुसऱ्या गटात पॅच-गम वापरणारे उरले होते ९ टक्के. हे ८० टक्क्यांचं गणित माझ्या डोक्यातून जात नाही. तू त्यात अडकू नयेस म्हणून हे एवढं लांब पत्र.

घाई नको. सिगारेटकडे परत जाण्यापेक्षा आणखी काही महिने व्हेपवर राहिलेलं मी पत्करेन. पण उतरण आतापासून आखायची. लिक्विडमधलं निकोटीन एकेक पायरी कमी करायचं, आणि प्रत्येक पायरीवर पफ वाढत नाहीत ना हे बघायचं. कारण शरीर कमी झालेलं निकोटीन जास्त ओढून भरून काढतं आणि आपल्याला वाटतं आपण कमी केलं. पॉडमध्ये, म्हणजे व्हेपला लावायच्या छोट्या कुपीत, निकोटीन सॉल्ट या रूपातलं निकोटीन असेल तर ते घशाला फारसं टोचत नाही, त्यामुळे किती आत गेलं याचा अंदाज घशावरून लागत नाही. अंथरुणात व्हेप न्यायचं नाही, हे आजपासूनच. उठल्यावरचा पहिला पफ रोज थोडा पुढे ढकल. झोपेतून उठून किती लवकर हात तिकडे जातो, यावरून व्यसनाची खोली बरीचशी कळते.

आणखी एक, राहून जाईल म्हणून. आसपास कुणी ओढत नसताना, इतर कुणालाही येत नसताना तुला एकट्यालाच धुराचा वास येत राहिला आणि तो काही दिवसांत गेला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. सर्दी किंवा सायनसच्या त्रासातून असा भास होऊ शकतो, क्वचित कारण दुसरं असतं. तपासून घेतलेलं बरं.

पुढच्या पत्रात दोन गोष्टी लिही: सध्याच्या लिक्विडवर निकोटीन किती मिलिग्रॅम लिहिलंय, आणि उठल्यावर किती मिनिटांनी पहिला पफ घेतोस. खरे आकडे लिही, मला बरे वाटतील असे नकोत. त्यावरून पहिली पायरी केवढी ठेवायची ते आपण ठरवू.

तुझी,
ताई