छपाईत रंग बदलतात? आधी एवढंच तपासा

निळा जांभळट छापला गेला म्हणून लगेच फोटो पुन्हा रंगवत बसू नका. स्क्रीन प्रकाशातून रंग दाखवते, कागद शाईतून. काही झगझगीत निळे-हिरवे सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, बसतच नाहीत.

- स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवा. प्रिंट काळपट वाटते, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.
- प्रेसकडून प्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या, सॉफ्ट प्रूफ लावून, म्हणजे छपाई कशी दिसेल ते स्क्रीनवरच, बघा.
- फोटोला प्रोफाइल देण्याच्या 'असाइन' आणि 'कन्व्हर्ट' या दोन पर्यायांत गल्लत नको. नवखे हमखास इथेच अडकतात. असाइन केलं की रंगांचे आकडे तेच राहतात, दिसणं बदलतं. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात, दिसणं शक्यतो टिकतं.
- स्वतःच्या प्रिंटरवर रंगांचं नियंत्रण फोटोचं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम), एकाकडेच द्या.

मूळ आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतली) फाइल मात्र जपून ठेवा. स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं कॅलिब्रेशनचं उपकरण नंतर घेतलंत तरी चालेल.